भिंतीपलीकडचं रडणं

‘आई जेऊ घालीना आणि बाप भीक मागू देईना’ ही म्हण आपण बहुतेक वेळा थट्टेत वापरतो. कचेरीत काम अडलं की वापरतो, दोन पुढाऱ्यांच्या भांडणात एखादा कार्यकर्ता सापडला की वापरतो. पण ती जशीच्या तशी ऐकून पाहा. त्या म्हणीत एक मूल आहे. त्याला आई आहे, बाप आहे, घरही आहे. तरी ते उपाशी आहे. बाहेर जाऊन हात पसरायचीही त्याला सोय नाही, कारण लोक म्हणणार, अरे, तुला तर आईबाप आहेत! अनाथ मुलाला जगाने फार पूर्वी ओळखलं. म्हणीतल्या या मुलाला ओळखायला मात्र फार उशीर केला. तो उशीर कुणी आणि कसा भरून काढला, त्याचा थोडा इतिहास आज आपल्यापुढे मांडायचा आहे.

अनाथाची काळजी घ्या, असं सगळेच धर्म सांगतात. आम्हा मुसलमानांत अशा मुलाला ‘यतीम’ म्हणतात. पैगंबरसाहेब स्वतः यतीम होते. वडील त्यांच्या जन्माआधी गेले आणि सहाव्या वर्षी आईही गेली. त्यामुळे यतीम मुलाच्या डोक्यावरून मायेने हात फिरवणं आमच्या घरांत मोठ्या पुण्याचं काम मानलं जातं. मोहल्ल्यातल्या दुकानांत गल्ल्याशेजारी यतीमखान्याची पेटी ठेवलेली असते. सुटे पैसे परत घेताना माणूस त्यातला एखादा रुपया पेटीत टाकतो. हिंदूंचे अनाथाश्रम आहेत, ख्रिस्ती मिशनांची वसतिगृहं आहेत, पारशांचे धर्मादाय निधी आहेत. पण ही सगळी सोय ज्याला कुणी नाही त्याच्यासाठी झाली. शेजारच्या खोलीत रोज बापाच्या पट्ट्याचा मार खाणाऱ्या पोरासाठी कुणी पेटी ठेवली नव्हती. मूल आईबापांचं, त्यांनी काहीही करावं, अशी समजूत होती. त्यातून काही बाहेर आलंच, तर झाकली मूठ सव्वा लाखाची.

आपल्या महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकात मुलांसाठी जी कामं उभी राहिली, ती पाहिली तर ही गोष्ट लक्षात येते. मुंबईत १८५७ साली एक सुधारशाळा सुरू झाली. ती पुढे डेव्हिड ससून यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. ही शाळा चोरीचपाटी करणाऱ्या, कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलांसाठी होती. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवा स्त्री फसली, तिला दिवस गेले, तर लोकांच्या भीतीने जन्मलेल्या बाळाचा गळा दाबला जायचा. अशा स्त्रियांनी इथे यावं, सुखरूप बाळंत व्हावं, हवं तर बाळ ठेवून जावं, असं या जोडप्याने सांगितलं. अशाच एका विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तोच यशवंत पुढे डॉक्टर झाला. पंढरपुरातही १८७५ साली, तिथे न्यायाधीश असलेल्या लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने, असंच गृह आणि अनाथ बालकाश्रम सुरू झाला. प्रार्थना समाजाने तो पुढे चालवला.

ही कामं मोठीच होती. त्यातही फुले दांपत्याने केलेली गोष्ट वेगळी होती. घराण्याच्या अब्रूपेक्षा मुलाचा जीव मोठा, हे त्यांनी नुसतं सांगितलं नाही, तर स्वतःच्या घरात करून दाखवलं. पण एकूण समाजाच्या नजरेत तेव्हा दोनच मुलं होती. एक टाकून दिलेलं आणि दुसरं बिघडलेलं. घरात राहून, घरच्याच माणसांकडून छळलं जाणारं तिसरं मूल अजून कुणाच्या वहीत नव्हतं.

ते वहीत आलं न्यूयॉर्क शहरात, १८७४ साली. मेरी एलन विल्सन नावाची दहा वर्षांची मुलगी. तिचे वडील युद्धात वारले आणि आईला तिला सांभाळता आलं नाही. शहराच्या धर्मादाय खात्याने ती एका कुटुंबाच्या हवाली केली. त्या घरच्या बाईकडून तिला जवळजवळ रोज चाबकाने मार बसे. तिला बाहेर पडू देत नसत आणि थंडीत पुरेसे कपडे नसत. ते घर होतं गरिबांच्या दाटीवाटीच्या चाळीत. शेजारच्या खोलीत एक बाई क्षयाने अंथरुणाला खिळली होती. पातळ भिंतीतून तिला या पोरीचं रडणं ऐकू येई. तिच्या हातून दुसरं काही होण्यासारखं नव्हतं. तिने फक्त ऐकलं, आणि विचारायला आलेल्या बाईला ते सांगितलं.

विचारायला आलेली ही बाई म्हणजे एटा व्हीलर. मेथडिस्ट चर्चच्या मिशनतर्फे वस्तीत फिरून आजाऱ्यांची, गरिबांची विचारपूस करणं हे तिचं काम. तिने शेजारच्या आजारी बाईचं निमित्त करून त्या घरात पाऊल टाकलं आणि मुलीची दशा डोळ्यांनी पाहिली. मग सुरू झाली तिची पायपीट. पोलीस म्हणाले, पुरावा आणा. धर्मादाय संस्था म्हणाल्या, मूल कायद्याने आमच्याकडे आलं तर आम्ही ठेवून घेऊ, पण घरात शिरून आणणार कोण? ओळखीच्या लोकांनी सल्ला दिला, बाई, दुसऱ्याच्या घरात कशाला पडता? हे सगळं ऐकल्यासारखं वाटतं ना? गावांची नावं बदलतात, उत्तरं तीच राहतात.

शेवटी एटा व्हीलर गेली हेन्री बर्ग यांच्याकडे. या गृहस्थांनी १८६६ साली प्राण्यांवरचा जुलूम थांबवण्यासाठी संस्था काढली होती. रस्त्यात घोड्याला बेदम मारणाऱ्या गाडीवानाला ते अडवत. बर्ग यांनी तिची हकीकत लिहून घेतली, चौकशीला माणूस पाठवला आणि त्यांचे वकील एल्ब्रिज गेरी यांनी न्यायालयात अर्ज केला. एप्रिल १८७४ मध्ये ती मुलगी गाडीतल्या घोंगडीत गुंडाळून न्यायालयात आणली गेली. तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं. चेहऱ्यावर कात्रीची जखम होती. त्या बाईला एक वर्षाची सक्तमजुरी झाली.

या खटल्याबद्दल एक दंतकथा नेहमी सांगितली जाते. मुलांसाठी कायदाच नव्हता, म्हणून मुलीला ‘प्राणी’ ठरवून प्राण्यांच्या कायद्याने सोडवलं, असं लोक सांगतात. तसं झालं नव्हतं. मारहाणीविरुद्ध कायदा होता, बेकायदा डांबून ठेवलेल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करण्याचीही तरतूद होती, आणि तिचाच आधार वकिलांनी घेतला. कायदा होता, पण त्या मुलीसाठी तो घेऊन न्यायालयात जाणारा माणूस नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या अडलं होतं ते इथे. म्हणून त्याच वर्षाच्या अखेरीस बर्ग, गेरी आणि त्यांच्या मित्रांनी मुलांवरचा जुलूम थांबवणारी न्यूयॉर्कची संस्था उभी केली. जगातली या प्रकारची ती पहिली संस्था मानली जाते. मेरी एलनला व्हीलरच्या घरच्यांनी वाढवलं. पुढे तिचं लग्न झालं, तिला दोन मुली झाल्या, एका पोरक्या मुलीलाही तिने आपलं म्हटलं. १९५६ साली, ९२ वर्षांची होऊन ती वारली.

लिव्हरपूलचे थॉमस अ‍ॅग्न्यू नावाचे व्यापारी न्यूयॉर्कला गेले असता त्यांनी ही संस्था पाहिली. १८८३ साली त्यांनी आपल्या गावात तशीच संस्था काढली. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये निघाली. तिचा कारभार बेंजामिन वॉ या पाद्र्याने हाती घेतला. पाच वर्षं झगडून १८८९ साली इंग्लंडमध्ये कायदा झाला. मुलाला छळणाऱ्याला अटक करण्याचा, न्यायालयाचा हुकूम घेऊन घरात शिरण्याचा अधिकार त्याने दिला. संस्थेचे निरीक्षक सायकलवरून, पायी, वस्त्यांतून फिरू लागले. लोक त्यांना ‘क्रुएल्टी मॅन’ म्हणत. त्यांना बातमी देणारे बहुतेक लोक कोण होते? शेजारीपाजारी, नातेवाईक, शाळामास्तर. घराच्या भिंतीला पहिल्यांदा एक दार पडलं होतं, आणि ते ठोठावणारा माणूस शेजारचाच होता.

आता मुंबईकडे येऊ. ज्या १८७४ साली मेरी एलनचा खटला चालला, त्याच साली मुंबईत प्राण्यांवरचा जुलूम थांबवणारी संस्था स्थापन झाली. परळचं आपलं बैलघोडा हॉस्पिटल याच संस्थेचं. मुलांसाठी मात्र मुंबईला बरीच वर्षं थांबावं लागलं. मुंबई इलाख्याचा बालकायदा झाला १९२४ साली. तो राबवण्यासाठी चिल्ड्रेन्स एड सोसायटी निघाली १९२७ साली. घोड्याबैलांनंतर मुलांची पाळी यायला ५३ वर्षं लागली! आणि मुलांना जागा तरी कुठे मिळाली? डोंगरी-उमरखाडीच्या जुन्या तुरुंगात. १८८२ साली टिळक आणि आगरकरांनी जिथे १०१ दिवस काढले, त्याच आवारात मुलांचं निरीक्षणगृह आलं. छळाला कंटाळून पळालेलं मूल आणि खिसा कापताना सापडलेलं मूल कित्येक वर्षं एकाच कायद्याच्या छपराखाली आलं. आपल्याला तिसरं मूल दिसू लागलं होतं. पण त्याच्याकडे पाहण्याची नजर अजून पोलिसाची होती.

याच काळात मुंबईत आणखी एक लहानसं बी पेरलं गेलं. नागपाड्याला क्लिफर्ड मॅन्शार्ट या अमेरिकन मराठी मिशनच्या पाद्र्याने ‘नेबरहूड हाऊस’ चालवलं होतं. आपण त्याला शेजारघर म्हणू. गिरणी कामगारांची, मुसलमानांची, ज्यूंची, दलितांची ती वस्ती. याच शेजारघरात १९३६ साली, टाटा विश्वस्तांच्या मदतीने, समाजकार्य शिकवणारी देशातली पहिली शाळा भरली. तीच आज आपण टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून ओळखतो. दयाबुद्धी लागते तसंच हे शिकून करण्याचंही काम आहे, हा विचार तिथून आपल्याकडे रुजला. त्या बियाला आलेलं एक फळ पुढे साठ वर्षांनी दिसणार होतं.

दरम्यान अमेरिकेत दोन गोष्टी घडल्या. त्यांचा आपल्याशी संबंध आहे. १९६२ साली डेन्व्हरचे बालरोगतज्ज्ञ हेन्री केम्प आणि त्यांचे सहकारी यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. हाडं मोडलेली मुलं दवाखान्यात येतात, आईबाप म्हणतात जिन्यावरून पडला, आणि क्ष-किरणांच्या चित्रात मात्र जुनी, वेगवेगळ्या वेळी मोडून सांधलेली हाडं दिसतात. डॉक्टरांनी हे डोळे उघडून पाहावं, असं त्यांनी लिहिलं. त्यानंतर पाचेक वर्षांत तिथल्या राज्यांनी असा संशय आल्यास कळवणं डॉक्टरांवर बंधनकारक केलं. पण कळवल्यानंतर काय? मूल न्यायालयात जाई. एका बाजूला आईबापांचा वकील, दुसऱ्या बाजूला सरकारी खातं. मुलाच्या बाजूने कोण? १९७७ साली सिअ‍ॅटल शहरातल्या डेव्हिड सूकप या न्यायाधीशांना या प्रश्नाने झोप येईना. मुलाबद्दल आपल्याला पुरेसं ठाऊक नसताना आपण त्याच्या आयुष्याचा निकाल देतो, असं त्यांना वाटे. त्यांनी गावातल्या साध्या नागरिकांना बोलावलं, शिकवलं आणि एकेका मुलाला एकेक माणूस जोडून दिला. तो त्या मुलाला भेटायचा, शाळेत जायचा, नातेवाइकांशी बोलायचा आणि न्यायाधीशांना सांगायचा की या मुलाचं हित कशात आहे. पगार नाही, अधिकार फार नाही. फक्त खटला संपेपर्यंत मुलाला सोडायचं नाही. ही पद्धत पुढे अमेरिकाभर पसरली.

आपल्याकडे हे फळ आलं १९९६ साली. टाटा संस्थेत शिकवणाऱ्या जेरू बिलिमोरिया यांचा मुंबईच्या रेल्वे स्थानकांवर राहणाऱ्या मुलांशी संबंध होता. अडचणीत सापडलेली मुलं वेळीअवेळी फोन करत. त्यातून संस्थेचा प्रायोगिक प्रकल्प म्हणून ‘चाइल्डलाइन’ सुरू झाली. नंबर फुकट असावा, अक्षरओळख नसलेल्यालाही लक्षात राहावा. १०९८ हा आकडा पोरांनी वाचला तो ‘दस नौ आठ’ असा. म्हटला की पाठ झालाच! या कामात सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, फोन उचलणाऱ्यांत आणि मदतीला धावणाऱ्यांत स्वतः रस्त्यावर वाढलेले तरुण होते. कुठल्या फलाटाच्या कुठल्या टोकाला कोणतं पोर झोपतं, हे त्यांना सांगावं लागत नसे. शहरातल्या संस्थांनी इलाखे वाटून घेतले. कुणी रात्रीचा निवारा दिला, कुणी औषधपाणी पाहिलं, कुणी पोलीस ठाण्यात बसून तक्रार नोंदवून घेतली. १९९९ साली हे काम देशभर नेण्यासाठी वेगळी संस्था झाली आणि पुढच्या दोन दशकांत ते शेकडो जिल्ह्यांत पोचलं.

या फोनवर येणाऱ्या हाकांचा एक प्रकार मला फार विचार करायला लावतो. कार्यकर्ते त्याला ‘सायलेंट कॉल’ म्हणत. फोन वाजतो, उचलला जातो, पलीकडे कुणीच बोलत नाही. थट्टा म्हणून केलेलेही त्यात असतीलच. पण काही मुलं अशीही असत की, पहिल्या दिवशी फक्त आवाज ऐकून घेत, चौथ्या दिवशी नाव सांगत. म्हणून फोन आपटायचा नाही, शांतपणे ‘मी आहे, तुला वाटेल तेव्हा बोल’ असं म्हणायचं, हे शिकवलं जाई. आम्ही कवी मंडळी मौनाबद्दल पुष्कळ लिहितो. ते ऐकण्याची नोकरी या तरुणांनी केली.

पण इतिहास सांगायचा तर काळी पानंही उलटली पाहिजेत. मदतीच्या पाटीखालीच छळ झाल्याचीही उदाहरणं आपल्याकडे आहेत. गोव्यात मडगावला अनाथ मुलांसाठी गृह चालवणाऱ्या फ्रेडी पीट्सला १९९१ साली अटक झाली. मुलांच्या लैंगिक शोषणाबद्दल १९९६ साली त्याला जन्मठेप झाली. गावात त्याला दयाळू गृहस्थ म्हणून मान होता. गोव्याने २००३ साली मुलांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि त्याखाली बालन्यायालयाची तरतूद केली. मुंबईत कुलाब्याला रस्त्यावरच्या मुलांसाठी चालवलेल्या निवारागृहाचं प्रकरण २००१ साली बाहेर आलं. ते चालवणारे दोन ब्रिटिश नागरिक होते. २००६ साली सत्र न्यायालयाने त्यांना दोषी ठरवलं, २००८ साली उच्च न्यायालयाने सोडलं, आणि मार्च २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा पुन्हा कायम केली. सर्वोच्च न्यायालयात दाद मागायला सरकारबरोबर चाइल्डलाइनही गेली होती. तक्रारीपासून शेवटच्या निकालापर्यंत दहा वर्षं गेली. तेव्हाचे पोरगे निकालाच्या वेळी तरुण झाले होते. फूटपाथवर राहणाऱ्या पोरांचं ऐकतो कोण, असं जिथे सहज म्हटलं गेलं असतं, तिथे देशाच्या सर्वांत मोठ्या न्यायालयाने त्यांची साक्ष खरी मानली. कारण ती दहा वर्षं त्यांच्या बाजूने कुणी तरी उभं होतं.

या दोन प्रकरणांचा धडा असा की, स्वयंसेवक चांगला आहे एवढ्यावर भागत नाही. त्याच्यावरही डोळा हवा. संस्थेची नोंदणी, अचानक तपासणी, मुलांना बाहेरच्या माणसाशी एकट्याने बोलण्याची मोकळीक ही कागदी कटकट नव्हे. ते मुलांचं कुलूप आहे. २००० सालच्या आणि नंतर २०१५ सालच्या बालन्याय कायद्याने प्रत्येक जिल्ह्यासाठी बालकल्याण समितीची तरतूद केली. अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यात निदान एक स्त्री. अडचणीतलं मूल सापडलं की प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत त्याला या समितीपुढे न्यायचं. मुलाने कुठे राहायचं हे आता एकटा पोलीस किंवा एकटी संस्था ठरवू शकत नाही.

आपला देश किती गप्प बसतो, हे २००७ साली आकड्यांत दिसलं. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून पाहणी केली. महाराष्ट्र त्यात होता. तीनपैकी दोन मुलांनी मारहाण झाल्याचं सांगितलं. निम्म्याहून अधिक मुलांनी, नेमकं सांगायचं तर ५३.२२ टक्के मुलांनी, कोणत्या ना कोणत्या प्रकारचं लैंगिक शोषण सोसल्याचं सांगितलं. त्यात मुलगे होते, मुली होत्या. निम्मे अत्याचारी मुलाच्या ओळखीतले, विश्वासातले होते. बहुतेक मुलांनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. अनोळखी माणसाकडून खाऊ घेऊ नकोस, एवढंच आपण मुलांना शिकवत आलो होतो.

त्यानंतर १४ नोव्हेंबर २०१२ ला, बालदिनी, ‘पॉक्सो’ कायदा अमलात आला. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा जागी घ्यावा, पोलिसाने गणवेश घालू नये, साक्ष देताना आरोपी त्याच्या नजरेसमोर असू नये, अशा गोष्टी त्याने घालून दिल्या. अशा गुन्ह्याची माहिती असूनही ती न कळवणं हा या कायद्याने गुन्हा ठरला. म्हणजे ‘आपल्याला काय करायचंय’ हे वाक्य आता कायद्याच्या विरोधात आहे. गावपातळीवर ग्राम बालसंरक्षण समित्या आल्या. आपल्या राज्यात सरपंच तिचे अध्यक्ष आणि अंगणवाडीसेविका सदस्य-सचिव. कागदावर नुसती नावं असलेल्या समित्या पुष्कळ आहेत, हे खरं. पण जिथे सेविका खंबीर आहे तिथे शाळा सुटलेली मुलगी, अंगावर वळ घेऊन आलेलं पोर सगळ्यांत आधी तिच्याच नजरेला पडतं. अमेरिकेतली एटा व्हीलर घरोघर फिरत होती, तशीच आपली सेविका आणि आशाताई फिरते. फरक एवढाच, की हिला त्याच गावात राहायचं असतं. ज्याच्याविरुद्ध बोलायचं, त्याच्याच विहिरीवर पाणी भरायचं असतं. म्हणून तिच्या पाठीशी तालुक्याची आणि जिल्ह्याची यंत्रणा लागते. ती नसेल तर तिने धाडस करावं, असं सांगायचा आपल्याला अधिकार नाही.

२०२३ पासून १०९८ चं काम टप्प्याटप्प्याने सरकारने आपल्याकडे घेतलं आणि ११२ या तातडीच्या सेवेशी जोडलं. नंबर तोच राहिला. फोन आता सरकारी नियंत्रण कक्षात वाजतो आणि जिल्हा बालसंरक्षण कक्षाची माणसं मदतीला जातात. यात फायदा आहे: पोलीस, दवाखाना लवकर जोडले जातात, पगाराची हमी असते. आणि एक धोकाही आहे. संस्थांच्या पोरापोरींनी पंचवीस वर्षांत जी गल्लीबोळांची ओळख कमावली, बोलत नसलेल्या मुलाचा फोन धरून ठेवण्याची जी सवय लावून घेतली, ती सरकारी हुकमाबरोबर आपोआप येत नाही. ती मुद्दाम सांभाळावी लागते.

आणि शेवटचा दुवा अजून कच्चा आहे. पॉक्सोच्या नियमांत मुलाला आधार देणारी व्यक्ती नेमण्याची तरतूद आहे. ‘सपोर्ट पर्सन’ म्हणतात तिला. बालकल्याण समितीने ती नेमायची. तारीख कधी आहे ते तिने सांगायचं, न्यायालयात मुलाच्या शेजारी बसायचं, वैद्यकीय तपासणीत सोबत करायची, शाळा सुटली असेल तर पुन्हा घालायची. सिअ‍ॅटलच्या न्यायाधीशांनी जो माणूस शोधला होता, तोच हा. पण कित्येक मुलांना अशी कुणी व्यक्ती मिळतच नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की, अशी व्यक्ती नेमणं आईबापांच्या मर्जीवर सोडू नये, ते यंत्रणेचं कर्तव्य आहे. कारण उघड आहे. पुष्कळदा आरोपी घरातलाच असतो. काका असतो, सावत्र बाप असतो, घरभाडं भरणारा पाहुणा असतो. घरातली माणसं मुलावरच दबाव आणतात, मिटवून टाक म्हणतात. तेव्हा मुलीच्या शेजारी बसायला बाहेरचा माणूस लागतो. निवृत्त शिक्षिका, परिचारिका, समाजकार्य शिकलेले तरुण यांनी आपापल्या जिल्ह्याच्या बालसंरक्षण कक्षात जाऊन या कामाची चौकशी करावी, प्रशिक्षण घ्यावं, एवढं माझं मागणं आहे. मोर्चा काढायला शेकडो माणसं मिळतात. तीन वर्षं एका मुलीबरोबर एस.टी.ने न्यायालयात जायला एक मिळणं कठीण.

ज्यांना एवढं शक्य नाही, त्यांच्यासाठीही काम आहे. शंका आली तर मुलाची उलटतपासणी घेऊ नका. तेच तेच विचारल्याने त्याचं दुःख वाढतं आणि पुढे खटल्यालाही बाध येतो. चारचौघांत गोष्ट फोडू नका. मुलाचं नाव बाहेर आणणं हाही गुन्हा आहे. गावकीत बसून तडजोड करू नका. १०९८ लावा, नाही तर पोलीस ठाण्यात किंवा बालकल्याण समितीकडे जा. पुष्कळ लोक घाबरतात, की आपली शंका खोटी निघाली तर? प्रामाणिकपणे माहिती देणाऱ्याला कायद्याने संरक्षण दिलं आहे. गुन्हा सिद्ध करणं आपलं काम नाही. त्यासाठी पोलीस आहेत, न्यायालय आहे. न्यूयॉर्कच्या त्या क्षयाने आजारी बाईला अंथरुणावरून उठताही येत नव्हतं. तिला जे ऐकू आलं ते तिने सांगितलं, एवढंच.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)